टाकीत पडलेलं माकड

"महाराज, तुमच्या मठात हा पेपर?"

संपादक निरगुडे दारातच थबकले. मौनगिरी महाराज 'झणझणीत' वाचत होते. लहान आकाराचा, लाल मथळ्यांचा, सभ्य माणसं दुसऱ्याच्या खांद्यावरून वाचतात तो पेपर.

"हा," महाराज म्हणाले. मग मांडीखालून दुसरा काढला. "आणि हाही."

तो निरगुड्यांचाच 'विवेकध्वज' होता. ऐसपैस, आठ कॉलमी, गंभीर. तो मांडीखाली होता याचं निरगुड्यांना वाईट वाटलं.

टेकडी चढून ते घामाघूम झाले होते. तसेच बसले.

"मालक म्हणतात, आपला पेपरही असाच करा. निम्मा आकार, चटकदार मजकूर. जमत नसेल तर घरी बसा. महाराज, मोठ्या पानावर केस पिकले माझे. राजीनामा देऊ की लाज सोडू? तेवढं सांगा."

"या दोन पेपरांत फरक काय?"

"फरक? आम्ही विचार देतो. ते चघळायला देतात."

"वाचून दाखवा."

निरगुड्यांनी दोन्ही हात फाकून 'विवेकध्वज' उघडला. टेकडीवरचा वारा आला आणि पेपर त्यांच्या तोंडाला चिकटला. त्यांनी तो निम्मा दुमडला. तरी फडफडला. आणखी दुमडला. आता तो 'झणझणीत'पेक्षाही लहान झाला होता.



"'नागरी जलव्यवस्थापन : एक चिंतन'," निरगुड्यांनी वाचलं. "काल गावच्या टाकीत माकड पडलं ना, त्यावरचा माझा अग्रलेख. थेट संस्थानकाळापासून आढावा घेतलाय."

"माकडाचं काय झालं?"

"...ते त्यात नाही. आम्ही घटनेच्या पलीकडे जातो."

महाराजांनी 'झणझणीत' पुढे सरकवला. 'टाकीत मर्कटलीला! ओलेचिंब फोटो आत.'

निरगुड्यांनी नाक मुरडलं. मग पान उलटलं. मग आणखी एक. मधला फोटो दोन्ही पानं भरून होता, त्यामुळे हात पुन्हा तेवढेच फाकवावे लागले.

"आलं की बाहेर," ते खुशीत म्हणाले. "वर फोटोग्राफरची टोपी पळवली लेकाच्यानं."

ते मोठ्यानं हसले. हसलो हे लक्षात आल्यावर खोकले. घसा कोरडा पडला होता.

महाराजांनी माठातून पेला भरून समोर ठेवला. निरगुड्यांनी तो ओठांपर्यंत नेला, आणि तिथंच थांबले.

"हे पाणी... त्याच टाकीतलं?"

"गावाला दुसरी टाकी आहे कुठं?"

"मग पिऊ का?"

महाराजांनी दोन्ही पेपरांकडे बोट दाखवलं.

निरगुडे शोधू लागले. 'विवेकध्वज'मध्ये संस्थानकाळ होता, दरडोई वापर होता, शेवटी 'सखोल विचार व्हावा' असंही होतं. 'झणझणीत'मध्ये माकडाचं राशिभविष्य होतं. टाकी उपसली की नाही, पाणी प्यावं की नाही, याचं अक्षर कुठं सापडेना. त्यांनी दोन्ही पेपर उलटेपालटे केले, झटकूनही पाहिले.

"कमाल आहे," ते हळूच म्हणाले. अग्रलेख स्वतःच लिहिलेला, त्यामुळे रागवायचं कुणावर हेही कळेना.

"राजीनाम्याचं राहू द्या, महाराज. पाण्याचं तरी सांगा. सकाळी तुम्ही दोन्ही पेपर वाचलेत ना?"

"वाचले," महाराज म्हणाले. "म्हणून तर सकाळपासून तहानलेला आहे."