नोंदींची दहा घरं

सह्याद्रीच्या एका कड्यावर सात वर्षांनी कारवी फुलली, तेव्हाची ही हकीकत. कड्याखालच्या जांभळीच्या ढोलीत सातेरी माश्यांचं पोळं होतं. फुलं थोडेच दिवस टिकणार होती, तरी मध गोळा करण्याचं काम रेंगाळत होतं.

"का रेंगाळतंय ते मी शोधते," भुरी नावाची तरुण माशी म्हणाली. कुठे खोळंबा झाला की ती पोळ्याच्या रिकाम्या घरात एक परागकण ठेवी. दारात गर्दी झाली तर पिवळा, वाट चुकली तर तांबडा, मध ठेवायला घर मिळालं नाही तर पांढरा. नोंदी मिसळू नयेत म्हणून दर प्रहराला नवं घर. जुना कण टाकायचा तिला धीर होईना. न जाणो, तोच कामाचा निघाला तर.

आठवड्याने माश्या मध घेऊन ताटकळू लागल्या. भुरीने नोंदी पाहिल्या.

"काय गं, सापडलं का?" म्हाताऱ्या भागामावशीने विचारलं.

"शेवटचे सगळे कण पांढरे आहेत, मावशी. घरं माझ्याच नोंदींनी अडवलीत."

"हेही नोंदींमुळेच कळलं ना? मग सोडू नकोस. दहा घरं तुझी. दहावं भरलं की सगळ्यात जुनं रिकामं करायचं."

"दहा कमी पडली तर?"

"तर येऊन सांग. अकरावं देऊ."

भुरीने पहिल्या घरातले कण उचलले, क्षणभर धरले आणि ढोलीबाहेर सोडले. मागे उभ्या माशीने त्या घरात मध ओतला.

"कधीपासून थांबली होतीस?" भुरीने विचारलं.

"सकाळपासून," ती म्हणाली आणि पुन्हा कारवीकडे उडाली.