तिम्मव्वाच्या वाट्याचं पाणी

“एकच पायली?” तिम्मव्वाने पुढे केलेला पदर तसाच धरून ठेवला. “कारभारी, आठवडाभर दगड वाहिलेत मी!”

“वाहिलेस ना? मग घे आणि चालायला लाग!” रंगोपंत कारभारी खेकसले.

राजा उदयभान गावाबाहेर मोठं तळं बांधत होता. बांध पुरुषभर उंच झाला होता, गेल्या पावसाचं पाणी त्याला टेकून उभं होतं आणि अजून तेवढंच काम वर चढायचं होतं. दर बाजाराच्या दिवशी मजुरीची ज्वारी मोजली जाई. गावच्या गड्याला चार पायल्या, गावच्या बाईला तीन. परमुलखातून दगड फोडायला आलेल्या वडार गड्यालाही तीन. आणि वडार बाईला एक!

तिम्मव्वा त्या वडारांपैकी. रंगाने काळीभोर, हाडापेराने दणकट. तिच्या पहारेपुढे खडक टिकत नसे. स्वतःचं पोट तिने कसंही मारलं असतं. पण तिची जाऊ दुर्गव्वा पाठीशी तान्हं बांधून पाट्या वाहायची, आणि त्या सकाळी ती भोवळ येऊन मातीच्या ढिगावर बसली होती. ते पाहिल्यापासून तिम्मव्वाचं डोकं तापलेलं.

“एवढं सांगा कारभारी, गावच्या बाईची एक पायली का कापता?”

“बाई आहे म्हणून!”

“आणि आमच्या गड्याची?”

“वडार आहे म्हणून! रंग बघ तुमचा, बोली बघ!”

“बरं. मी बाई, एक गेली. मी वडार, दुसरी गेली. चारातून दोन गेल्या, दोन राहिल्या. मग तिसरी कुणी खाल्ली?”

रांगेत हशा पिकला. रंगोपंतांनी पगडी सावरली. “ती... ती तू वडाराची बाई आहेस म्हणून!”

“म्हणजे बाई म्हणून कापलं, वडार म्हणून कापलं, आणि दोन्ही एकाच अंगात सापडलं म्हणून वर आणखी एकदा कापलं! धन्य तुमचा हिशोब!”

“काय गडबड आहे?” मागून आवाज आला. खुद्द राजा घोड्यावर! रांगेने वाकून मुजरा केला. सगळं ऐकून घेतल्यावर राजाचे कान लाल झाले, कारण मजुरीचे दर त्यानेच ठरवले होते, आणि एकदा ठरवलेलं बदलणं त्याला ठाऊकच नव्हतं.

“मी कामाच्या तोलाने दाम देतो, बाई! तुझं काम गावच्या गड्याच्या तोडीचं आहे म्हणतेस? मग तळ्यातलं पाणी वेगळं करून दाखव. गावच्या गड्यांच्या दगडांनी अडवलेलं कोणतं आणि तुझ्या दगडांनी अडवलेलं कोणतं! उद्या दुपारपर्यंत मुदत. नाही जमलं तर पालं उचला, आणि साठवलेली ज्वारी इथेच ठेवून चालते व्हा!”

पालांवर रडारड सुरू झाली. म्हातारे तिम्मव्वाला बोल लावू लागले. “पाणी कधी वेगळं होतं का? पायली तरी मिळत होती!” ती उठली आणि बांधाच्या पायथ्याशी जाऊन दगडांना पाठ टेकून बसली. दगड गारेगार लागला. पलीकडून अख्खं तळं त्याला रेटत होतं. तिम्मव्वा ताठ झाली, वळून दगडाकडे बघत खुदकन हसली आणि भाकरी खायला गेली.

दुसऱ्या दिवशी सारा गाव बांधाखाली जमला. राजा जरीचा अंगरखा घालून, घोड्याचा लगाम धरून उभा. तिम्मव्वा आली ती खांद्यावर पहार टाकून.

“महाराज, हा बांधाच्या पायातला दगड माझा. मीच फोडला, मीच आणला, मीच बसवला.”

“खरं का रे?” राजाने विचारलं.

“खरं आहे, महाराज,” गावचा गवंडी सुभानजी पुढे होऊन म्हणाला. “त्याच्या शेजारचा माझा.”

“मग झालं!” तिम्मव्वाने पहारेचं टोक फटीत घातलं. “माझा दगड काढून घेते. जे पाणी बाहेर येईल ते माझ्या दगडाने अडवलेलं, मागे राहील ते गड्यांचं! महाराज, जरा बाजूला व्हा, अंगरखा भिजेल!”

तिने पहारेवर भार दिला. दगड करकरला. फटीतून पाण्याची चिळकांडी उडाली, ती थेट रंगोपंतांच्या तोंडावर!

“थांब! थांब!” राजा ओरडला. “हा दगड निघाला तर बांध फुटेल, अख्खं तळं वाहून जाईल!”

“अख्खं? म्हणजे अख्खं तळं माझ्याच दगडाने अडवलंय?”

“तसंच की!”

“आणि सुभानजींचा दगड काढला तर?”

“तरी अख्खंच जाईल!”

तिम्मव्वाने पहार जमिनीवर टेकवली. “त्यांच्या दगडानं अख्खं तळं अडवलं, त्याच्या चार पायल्या. माझ्या दगडानंही अख्खं तळं अडवलं, त्याची एक! पाण्याला कळलं नाही महाराज, कोणता दगड बाईचा आणि कोणता वडाराचा. तुमच्या मापाला तेवढं कसं कळतं?”

राजा असा खदखदून हसला की घोडा बिचकला!

“हरलो, बाई, हरलो! आधी ती फट बुजव! आजपासून चार पायल्या सगळ्यांना, आणि कामाच्या पहिल्या दिवसापासून कापलेली ज्वारी परत! तळ्याची मुकादम तू! रंगोपंत, कोठार उघडा. माप बाई घालतील, पोती तुम्ही वाहायची!”

रंगोपंतांनी तोंड पुसलं. “महाराज, मला... किती पायल्या?”

“ते मुकादमबाईंना विचारा!” राजा पोट धरून म्हणाला.