ओवाळणीत मागितलेली पागेतली जागा

हैबतराव सरदारांच्या नजरेचा पंचक्रोशीत बोलबाला होता. पागेतल्या दोनशे घोड्यांपैकी एकाने जरी चारा कमी खाल्ला, तरी त्यांना कळायचं. त्यांच्या पत्नी सगुणाबाई मात्र दहा वर्षं त्या नजरेची वाट पाहत होत्या.

दिवाळीचा पाडवा आला. भाऊबंदांसमोर सगुणाबाई पतीला ओवाळू लागल्या. निरांजन डोळ्यांसमोरून फिरत असतानाच हैबतराव ओरडले, "अरे, साळुंकीच्या कानाला खरचटलंय! मलम आणा!"

अंगणापलीकडे उभ्या असलेल्या घोडीचा तो ओरखडा तिची निगा राखणाऱ्या मोतद्दारालाही दिसला नव्हता. मंडळींनी वाहवा केली.

सरदार मिशीला पीळ देत म्हणाले, "हं, माग आता ओवाळणी. शालू, तोडे, काय हवं ते. दिलं नाही तर नावाचा हैबतराव नाही!"

"मला आपल्या पागेत जागा द्या."

"वेड लागलं का? घरात काय कमी आहे?"

"काही नाही. पण पागेत कुणाला खरचटलं तर आपल्याला अंगणापलीकडून दिसतं. अनारसे तळताना माझा हात पोळला, त्याला चार दिवस झाले. आत्ता चिंधी बांधलेल्या त्याच हाताने मी आपल्याला ओवाळलं."

हैबतरावांची मान खाली गेली. ते पाटावरून उठले, "आधी तुम्ही बसा," म्हणाले आणि घोडीसाठी आणलेलं मलम स्वतः त्यांच्या हाताला लावू लागले.

पुढे दर पाडव्याला सगुणाबाई आधी साळुंकीला ओवाळत आणि मग पतीला. हैबतरावांनी एकदाही तक्रार केली नाही.