सरकीचा कण

“चाळीस की पन्नास, आक्का? एकच आकडा सांगा. बाकीचं मी बघते.”

गोदाक्कांनी मान वर केली नाही. संगमावरच्या लहानशा मठात मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते, जणू नदीवरचं सकाळचं धुकं परत जायचं विसरूनच गेलं होतं.

मठ सांभाळणाऱ्या आक्का वाती वळत होत्या. लाख वातींचा नेम होता त्यांचा.

समोर बसलेली डॉक्टर हेमांगी याच गावची लेक. आक्कांच्या मांडीला मांडी लावून स्तोत्रं शिकली, मग शहरात जाऊन मोठं शिकली, आणि आता तालुक्याच्या दवाखान्यात होती. येत्या गुरुवारी स्तनांचा कॅन्सर तपासणारी यंत्राची गाडी एका दिवसासाठी गावात येणार होती. तपासणी व्हायची जेमतेम तीस जणींची. कोणत्या वयापासून बायकांना बोलवायचं, ते हेमांगीनंच ठरवायचं होतं.

“चाळीसपासून घेतल्या तर काहींना उगाच धास्ती. नसलेलं दिसतं, सुई टोचावी लागते, जिवाला घोर लागतो. आणि पन्नासपासून घेतल्या तर...”

“तर?”

“तर एखादीला उशीर होतो.”

“जाणती माणसं काय म्हणतात?”

“त्यांचंही एकमत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही आकडा सांगितलात की बायका येतील. मी सांगितलं की म्हणतात, अगं बाई, गुरुवारी? उपवास, पूजा, हळदीकुंकू... उद्यापन होऊ दे, सुनेचं बाळंतपण होऊ दे, मग बघू. अडाणीपणा, दुसरं काय!”

शेवटचा शब्द जरा मोठ्यानंच निघाला. कठड्यावरचं कबूतर उडून गेलं.

“हात रिकामे कशाला ठेवतेस?” आक्कांनी सूप तिच्यापुढे सरकवलं. “कापूस चाचपून दे. कण राहिला तर वात तडतडते.”

हेमांगीला हसू आलं. एवढी शिकलेली डॉक्टर, आणि काम हे! पण तिनं बोळा घेतला.

बोटं मऊ कापसात बुडाली. बोळ्यामागून बोळा. खाली नदी एकाच सुरात काही म्हणत होती. इथंच, या खांबाशी, आई बसायची वाती वळायला. तिच्या पदराला असाच कोरडा, उन्हाचा वास असायचा...

बोट थांबलं.

मोहरीएवढं काहीतरी. कठीण.

“सापडला,” ती हळूच म्हणाली. सरकीचा कण होता.

“कितव्या बोळ्यात?”

“ते... मोजलं नाही मी.”

“मीही कधी मोजत नाही.” आक्कांनी तो कण उचलून ताटलीत ठेवला. “पण एका बोळ्यात कण निघाला ना, की त्याच बोंडाच्या पुढच्या बोळ्यावर माझा हात आपसूक सावकाश फिरतो.”

हेमांगीच्या हातातला कापूस तसाच राहिला.

“मालनला गाठ लागली, तेव्हा ती कितीची होती गं?”

“आई... चव्वेचाळीसची.”

“आणि तू आता?”

“त्रेचाळीस सरेल.”

“तुझी झाली तपासणी?”

हेमांगीनं हातातला कापूस सुपात ठेवला.

“आधी ही गाडी पार पडू दे, आक्का. बायकांचं होऊ दे. मग बघू माझं.”

तोंडातून शब्द गेले, आणि तिचे तिलाच ऐकू आले. कुणीतरी दुसरीच बाई पाठीमागं बसून बोलल्यासारखे.

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी वातीला नुसता पीळ दिला.

“भीती वाटते हो,” हेमांगी म्हणाली. आता तिचा आवाज स्तोत्र विसरलेल्या मुलीसारखा झाला होता. “यंत्राची नाही. नंतर हातात कागद येतो ना, त्याची. किती जणींना मी तो वाचून दाखवलाय...”

ऊन एक पायरी वर चढलं.

बऱ्याच वेळानं हेमांगीनं पिशवीतून यादीचा कोरा तक्ता काढला. वयाच्या रकान्याआधी तिनं एक नवी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘आई, बहीण, मावशी, कुणाला झाला होता का?’ मग पहिल्या ओळीत एक नाव लिहिलं. स्वतःचं. त्यापुढे, ‘होय. आईला.’

“गाडी मठाच्या दारातच लाव,” आक्का म्हणाल्या. “गुरुवारी कहाणी ऐकायला सगळ्या इथं येतातच. उपाशीपोटी चालतं ना?”

“चालतं. पण आक्का, बाकीच्यांचं काय? तो आकडा...?”

अडुसष्ट वर्षांच्या गोदाक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. वळलेली वात त्यांनी हेमांगीच्या तळहातावर ठेवली.

“आधी रांगेत उभी राहा, मग तो विचार. तपासून घ्यायला मी तुझ्या मागंच उभी असेन.”