टोकाची फांदी

त्या राज्यात पाखरांना उडायला शिकवणारी एकच शाळा होती आणि ती एका जुन्या बेहड्याच्या झाडावर भरत असे. शेंड्याजवळ एक टोकाची फांदी होती. पंख फुटलेल्या प्रत्येक पिल्लाला धनेशमास्तर तिथून स्वतःच्या चोचीने ढकलत. बहुतेक उडत, एखादं आपटायचं, लंगडायचं, बरं झालं की पुन्हा टोकावर जायचं.

शाळेचा दाणागोटा सांभाळायला खारूताई होती. कोठार भरायचं, ढोल्यांची गळती बुजवायची, एवढंच तिचं काम. शिकवण्यात ती कधी नाक खुपसत नसे. पुढे दरबाराने फर्मान काढलं: पिल्लू पडलं, की शाळेचा दाणा कमी. झालं! बिचारीच्या घशाखाली घास उतरेना. उपाशी पिल्लांच्या उघड्या चोची तिला झोपेतही दिसायला लागल्या. ती मास्तरांकडे गेली. मास्तर थकले होते. म्हणाले, आता तुम्हीच काय ते बघा.

तिने बघितलं. उडी आधी मधल्या फांदीवर आली, मग खालच्या, आणि त्याखाली सावरीच्या कापसाची गादी. तरी एक पिल्लू लंगडलंच. मग तिने विचार केला, शेवटी खालीच यायचं ना, मग खोड काय वाईट? तिचा सगळा जन्म खोडावरच गेला होता. आपण हाक मारली की पंख मिटायचे आणि एकामागून एक नखं रोवत उतरायचं, हे तिने पिल्लांकडून जातीने घोटून घेतलं. कोठार ओसंडू लागलं. दरबाराने शाबासकी दिली आणि मास्तरांची ढोलीही तिलाच दिली.

उडायला शिकवणाऱ्या साळुंकीबाईंना मात्र राहवेना.

"खारूताई, ही पाखरं आहेत हो."

"आणि एकही पडलेलं नाही," खारूताई म्हणाली. एवढं जीव तोडून राबायचं आणि वर हे ऐकायचं, याचं तिला फार वाईट वाटलं.

एका दुपारी तिने ढोलीतून खाली पाहिलं. बुंध्याला वेढे घालत एक धामण वर सरकत होती. सगळी शाळा फांद्यांवर दाणे टिपत बसली होती.

"उडा!" खारूताई किंचाळली. "अरे, उडा रे!"

पिल्लांनी तिचा आवाज ओळखला. त्यांनी दाणे टाकले, पंख नीट मिटून घेतले आणि एकामागून एक, नखं रोवत, ती खोडावरून खाली उतरू लागली.