वेशीवरच्या पुरणपोळ्या

आंबेघोळला फायबरची केबल आली आणि वेशीवरच्या खांबालाच वेटोळं घालून बसली. तीन महिने झाले, तरी ना शाळेत इंटरनेट, ना दवाखान्यात. अशात एक दिवस केबल योजनेचे अधिकारी निमकर साहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी सरपंच हौसाबाईंपुढे कागद धरला. "गावाला इंटरनेट मिळालं, अशी सही करा."

"पण साहेब, केबल तर वेशीवरच आहे."

"वेशीपर्यंत आली म्हणजे गावात आली! नियम मला शिकवू नका."

"बरं बाई, नियम तर नियम. आधी जेवून घ्या, मग सही करते."

साहेब पाटावर बसले. पुढ्यात रिकामं ताट आलं. अर्धा तास झाला, पोटात कावळे ओरडू लागले. "अहो, वाढताय ना?"

"आता काय वाढायचं? पुरणपोळ्यांची टोपली मघाशीच आलीय की! वेशीवर, त्याच खांबाला टांगलीय. वेशीपर्यंत आली म्हणजे पोटात आली. तुम्ही फक्त एक ढेकर द्या, लगेच सही करते."

साहेबांनी कागद खिशात घातला.

पुढच्या सोमवारी शाळेत आणि दवाखान्यात इंटरनेट सुरू झालं. त्या दुपारी साहेबांनी तुपात भिजलेल्या पाच पोळ्या खाल्ल्या आणि मोठ्ठा ढेकर दिला. तो ऐकला, तेव्हाच हौसाबाईंनी पेनाचं टोपण काढलं.