दाजींची शर्यत आणि केरबाचा उंबरा

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गावकरी भांडायला माझ्या दारात येतील. पण त्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा, आणि त्याच्याइतका आज्ञाधारक माणूस आसपासच्या गावांत नव्हता. सांगितलेला शब्दन् शब्द पाळायचा. भानगड एवढीच, की सांगेपर्यंत वेळ निघून गेलेली असायची. मग तो ते पुढच्या वेळी पाळायचा, आणि पुढची वेळ नेमकी भलतीच असायची.

केरबाची थोरली बहीण इंदूआक्का लग्न होऊन परदेशात गेली होती. कुठल्या शहरात? त्या शहराचं नाव केरबाला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, तेव्हा आपणही जिभेला कशाला त्रास द्या. नदीकाठचं मोठं शहर होतं. दगडी मनोरे, दगडी पूल, दगडी माणसं. आक्काचे यजमान, म्हणजे केरबाचे दाजी, तिथं नोकरीला होते आणि त्यांना पळायचं वेड लागलं होतं.

त्या शहरात दरवर्षी मॅरेथॉन व्हायची. कुणी मागे लागलेलं नसताना माणसं बेचाळीस किलोमीटर पळायची. जो वेळेत पोचेल त्याच्या गळ्यात पदक. दाजी दोन वर्षं पळाले आणि दोन्ही वर्षं मोठा पूल चढताना मटकन खाली बसले. पहिल्यांदा बसले तेव्हाच रागाच्या भरात शपथ घेतली, "गळ्यात पदक पडल्याशिवाय मटणाला शिवणार नाही!"

आता माणूस कोल्हापूरकडचा. त्यानं मटण सोडलं म्हणजे काय हाल झाले असतील बघा. दोन वर्षं दाजी दोडका खात होते. शेजारी रविवारी काही शिजायला लागलं की खिडकी लावून घ्यायचे आणि आतल्या खोलीत जाऊन उसासे टाकायचे. आक्काला ते बघवेना.

"पुलावर ओळखीच्या आवाजात कुणी एक हाक मारली असती ना," दाजी म्हणायचे, "तर उठलो असतो."

केरबाचा आवाज दांडगा. शेतातून हाक मारली तर पलीकडच्या गावातली म्हैस ओ द्यायची. आक्कानं तिसऱ्या वर्षी त्यालाच बोलावून घेतलं.

निघताना आईनं बजावलं, "केरबा, परका मुलूख हाय. कशाला हात लावू नगंस. गप हुबा ऱ्हा."

"बरं आई," केरबा म्हणाला.

त्याच्या बरोबर दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, दुसरीत आईनं दिलेलं ज्वारीचं पीठ आणि मटणासाठी कांदा-लसणाची चटणी. आक्काचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. केरबा बॅगांपाशी हात न लावता गप उभा राहिला. आक्कानं वाट बघितली, मग स्वतःच एक बॅग ओढली, दुसरी डोक्यावर घेतली आणि धापा टाकत चढली. मागून केरबा मोकळ्या हातानं शीळ घालत.

वर पोचल्यावर आक्कानं बॅग आपटली. "अरं, लाज वाटती का? बाईमाणसाच्या डोक्यावर ओझं दिसलं की पुढं व्हायचं, हात लावायचा, ओझं उतरवायचं!"

"मग आक्का, हे आदी न्हाई का सांगायचं?" केरबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आक्का त्याला शहर दाखवायला घेऊन गेली. एक जुना राजवाडा होता. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन दगडी बाया, अंगावर दगडी लुगड्यांच्या चुण्या, आणि त्यांच्या डोक्यावर अख्खा सज्जा. आक्का तिकिटं काढायला गेली. केरबानं मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"कवापास्नं हुब्या असतील बिचाऱ्या," तो म्हणाला. "अन् एवढी माणसं येत्यात, जात्यात, एकजण हात लावत न्हाई."

त्यानं खांद्यावरच्या उपरण्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, चौथऱ्यावर चढला आणि सज्ज्याखाली डोकं घातलं.

"हं ताई, सोडा आता. मी धरलंय."

ताई सोडेना.

"लाजू नगा. भावासारखा हाय मी."

लोक जमले. फोटो काढायला लागले. शिट्ट्या फुंकत दोन पहारेकरी आले आणि केरबाचा पाय ओढायला लागले. केरबा बोंबलला, "अरं मला वढू नगा, सज्जा पडंल! माणसं मरतील खाली!"

शेवटी त्याला ओढून काढलंच. सज्जा पडला नाही. केरबाला मात्र वाईट वाटलं, कारण सगळा भार पुन्हा त्या बायांवरच आला होता.

आक्कानं पहारेकऱ्यांची हातापाया पडून माफी मागितली आणि त्याला बाजूला घेतलं. "अशा मोठ्या कारागिरीला हात लावायचा नसतो, शहाण्या! हात पाठीमागं बांधायचे, मान वर करायची, 'वा वा' म्हणायचं आणि गुमान पुढं चालू लागायचं."

"हे आदी न्हाई का सांगायचं? आता ध्यानात ठेवतो."

शर्यतीच्या आदल्या दिवशी दाजींनी पाहुण्याला जेवायला नेलं. पुलाजवळ एक नामांकित खानावळ होती. तिचा मालक बैलगाडीच्या चाकाएवढ्या कढईत केशरी भात करायचा. भातात शिंपले, कोळंबी, काय काय. मालक दाजींच्या ओळखीचा. दाजींचा मेहुणा पहिल्यांदाच आलाय म्हटल्यावर त्यानं भात स्वतः सजवला. कडेनं शिंपल्यांची रांगोळी, मधे मिशा वर करून बसवलेली कोळंबी, वर लिंबाच्या चकत्या. दोन्ही हातांनी ताट आणून केरबापुढे ठेवलं आणि कमरेवर हात देऊन उभा राहिला.

केरबानं ताट बघितलं. ही तर मोठी कारागिरी! तो उठला. हात पाठीमागं बांधले. मान वर करून छताकडे बघितलं. "वा वा," म्हणाला आणि दारातून बाहेर चालू लागला.

मालकाला वाटलं, भातात काहीतरी कमी पडलं. त्यानं केरबाला परत आणून बसवलं, दुसरं ताट आणलं. त्यात कोळंबी दुप्पट.

केरबा उठला. हात मागं. मान वर. "वा वा." बाहेर.

मालक खुर्चीत बसला आणि फडकं तोंडाला लावून रडायला लागला. "माझ्या आजीच्या हातचा भात आहे हा," तो दाजींना म्हणाला. "शिव्या दे म्हणावं, पण निदान एक घास तरी खा म्हणावं."

दाजी कधी कुणाला ओरडत नसत, पण त्यांचाही तोल सुटला. इथं आपण दोन वर्षं जिभेवर दगड ठेवून बसलोय, आणि हा भरलं ताट सोडून चाललाय! "अहो पाव्हणं," ते म्हणाले, "खायचं समोर आलं की बसायचं! नको म्हणायचं नाही. समोर आलेलं सगळं संपवायचं आणि वर 'आणखी' म्हणायचं. करणाऱ्याला तेवढंच समाधान."

"हे आदी न्हाई का सांगायचं, दाजी? आता ध्यानात ठेवतो."

तोवर मालकानं ताट उचलून आत नेलं होतं. केरबा उपाशीच परतला.

शर्यतीचा दिवस उजाडला. आक्कानं पहाटेच मटणाला आईची चटणी लावून पातेलं झाकून ठेवलं. दाजींनी पातेल्याला लांबूनच हात जोडले. मग बुटाच्या नाडीला एक छोटी चकती बांधली आणि केरबाला समजावून सांगितलं, "ही चिप. शेवटच्या रेषेवरून ही गेली की मशीन टुंग करून वाजतं आणि पदक मिळतं. मशीनला माणूस कळत नाही, चिप कळते. तुमचं काम एकच. पुलावर मी बसायला लागलो की हाक मारायची."

"मारतो की," केरबा म्हणाला.

पुलाच्या चढावर आक्कानं त्याला उभं केलं आणि दाजी येतायत का ते बघायला ती पुढं गेली. केरबाच्या समोरच एक लांब टेबल होतं. त्यावर पळणाऱ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणि सोललेल्या केळ्यांचे ढीग.

समोर आलेलं.

केरबानं सुरुवात केली. एक ढीग संपला, दुसरा संपला. टेबलामागची पोरगी तोंड उघडं टाकून बघत राहिली. केरबानं तिच्याकडे प्रेमानं बघितलं आणि म्हणाला, "आणखी." शब्द तिला कळला नाही, पण पुढं केलेला हात कळला. तिनं नवं खोकं फोडलं. पळणारे येत होते, हात पुढं करत होते आणि रिकाम्या टेबलावरून हात फिरवून शिव्या देत पुढं जात होते.

तेवढ्यात दाजी आले. तोंड पांढरंफटक, पाय वाकडे. नेमक्या त्याच जागी त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि बसायला लागले.

"दाजीईईई! उठाऽऽ!"

काय आवाज तो! पुलावरची कबुतरं उडाली. दाजी तर उठलेच, पण त्यांच्या मागं बसलेले दोन परदेशी बुवासुद्धा घाबरून उठले आणि पळत सुटले. दाजींनी पूल पार केला. तीन वर्षांत पहिल्यांदा! आक्का आनंदानं धावत आली, भावाला मिठी मारणार तोच तिला रिकामी खोकी दिसली.

"केरबा! पळणाऱ्यांची केळी खाल्लीस?"

"नको म्हणायचं न्हाई असं दाजीच म्हणालं."

आक्कानं कपाळ बडवून घेतलं. "अरं, लांबून दमून आलेल्या माणसाचं आदी बघायचं असतं! आपल्या घरी लांबून कोण आलं तर आई काय करती? तसंच धाडकन आत घेती का? उंबऱ्याबाहेर थांबवती. पायावर पाणी घालती. भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकती, मागं वळून बघत न्हाई. मग आत घेती. अन् तू त्यांच्या तोंडचा घास खातोस!"

केरबा खरंच ओशाळला. "हे आदी न्हाई का सांगायचं? आता ध्यानात ठेवतो," म्हणाला आणि टेबलावरची पाण्याची एक बाटली त्यानं काखेत मारली.

दोघं जवळच्या वाटेनं शर्यत संपायच्या ठिकाणी पोचली. नदीच्या काठावरच मोठी कमान होती. कमानीवर घड्याळ, खाली जमिनीवर एक जाड पट्टा. पट्ट्याच्या आत खुर्च्या मांडलेल्या, पांघरायला चादरी, गरम चहा. केरबानं सगळं नीट बघितलं. आत बसाय-उठायची सोय, म्हणजे हे घर. कमान म्हणजे दार. पट्टा म्हणजे उंबरा.

आणि दाजी आले! लंगडत, रडत, हसत, पण आले. घड्याळात वेळ शिल्लक होता. आक्का कठड्याला धरून उड्या मारायला लागली. "आलं बाई, आलं! आज घरात मटण शिजतंय!"

केरबानं दाजींचे धुळीनं भरलेले बूट बघितले. एवढ्या लांबून आलेला माणूस, आणि तसाच धाडकन आत चाललाय! तो कठड्याखालून सरपटत गेला आणि पट्ट्यापुढं हात पसरून उभा राहिला.

"दाजी, थांबा!"

दाजी थांबले. एवढं पळालेल्या माणसाला थांबायला निमित्तच लागतं. केरबानं खाली बसून नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढले आणि बाटलीतलं पाणी सावकाश पायांवर घातलं.

"केरबा, सोड मला! वेळ संपतोय!" गडबडीत दाजी पाव्हण्याला अरेतुरे करायला लागले.

"घाई करू नगा दाजी. आलासाच की."

"अहो, पळाऽऽ!" आक्का किंचाळली.

दाजींनी ओले पाय सोडवून घेतले आणि अनवाणीच पट्ट्यावरून आत उडी मारली. दोन्ही हात वर केले. पोचले! पण टुंग काही झालं नाही. पदकं घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी मशीनकडे बघितलं आणि मान हलवली. मशीनच्या मते अजून कुणी आलंच नव्हतं.

"बूट!" दाजी ओरडले. "बूट आण!"

बूट केरबाच्या काखेतच होते. गर्दीच्या जागी पादत्राणं बाहेर ठेवली तर काय होतं हे देवळात जाणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. तो उंबरा ओलांडून आत आला. टुंग! बाईंनी हसत हसत पदक केरबाच्या गळ्यात घातलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. वरचं घड्याळ बंद पडलं. शर्यत संपली.

आक्का कठडा ओलांडून आली. धाप लागून तिच्या तोंडातून शब्द फुटेना. "मुडद्या... ते त्यांचं हाय... काढ गळ्यातनं... अन् त्यांच्या..."

"ध्यानात हाय, आक्का," केरबा म्हणाला. "ओवाळायचं ऱ्हायलंच की! भाकरी कुठं मिळती हेच बघत हुतो."

त्यानं पदक गळ्यातून काढलं. चांगलं गोल, भाकरीसारखंच होतं. दाजींच्या डोक्यावरून तीनदा ओवाळलं. मग लहानपणापासून गोफण फिरवलेल्या हातानं, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, ते नदीत भिरकावलं.

मागं वळून बघायचं नसतं. केरबानं बघितलं नाही. दाजींनी बघितलं. आक्कानं बघितलं. पाण्यात लांब कुठंतरी डुबुक झालं.

"हं," केरबा म्हणाला, "आता या आत."

दाजींनी त्या बाईंना खूप विनवलं, पण एका चिपला एकच पदक, दुसरं मिळत नाही म्हणाल्या. आणि दाजी शब्दाचे पक्के. गळ्यात पदक पडल्याशिवाय म्हणजे गळ्यात पदक पडल्याशिवाय.

घरी आल्यावर आक्कानं दाजींना दोडका वाढला. मटण वाया कसं घालवायचं, म्हणून पातेलं मुकाट्यानं केरबापुढं ठेवलं. तांबडा तवंग, वर वाफ, आईच्या चटणीचा घमघमाट. दाजी डोळे मिटून दोडका चावत राहिले.

केरबा नको म्हणाला नाही. समोर आलेलं सगळं संपवलं. हाडंसुद्धा चोखून ठेवली. मग बहिणीच्या रडवेल्या तोंडाकडे बघून त्याला वाटलं, हिचं तेवढं समाधान करावं.

"आक्का," तो म्हणाला, "आणखी."